हौदावरची हंडी

मी संतराम तांबट. कळमनुरीच्या बाजारपट्टीला माझं दुकान. माझ्या हातच्या घागरीला नाव ठेवील असा माणूस ह्या तालुक्यात जन्माला आला न्हाई, असं मी आजवर शंभरदा छाती ठोकून सांगितलं असंल. ह्या गोष्टीनंतर एकदाबी न्हाई सांगितलं. काहून, ते ऐका.

लढाई चालू होती ती वर्षं. ऐन उन्हाळ्यात हट्टा गावाकडून पटकीची बातमी आली आन गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पटकी म्हणजे सकाळी माणूस हगवण-उलटीनं आडवा झाला की सांजच्याला घरात रडारड. बाजारातल्या विहिरीचं पाणी मोटेनं हौदात पडायचं आन अर्धं गाव त्या हौदावर भरायचं. म्हणून सरकारानं हौदावर दवाईचं यंत्र बसवलं. यंत्र कसलं डोंबलाचं! भिंतीवर एक मातीचा रांजण, त्यात पांढऱ्या भुकटीचं नाकाला झोंबणारं पाणी, बुडाला काचेची बारीक नळी, आन त्या नळीतून थेंब थेंब हौदात. सफाई दारोगा शकीलसाब हिंगोलीहून आले, खिशातलं घड्याळ हातात धरून थेंब मोजले, मिनिटाला चाळीस. जाताना सांगून गेले, "हा थेंब पडून राहिलाय तोवर पटकी ह्या हौदात उतरत न्हाई. थेंब बंद पडू देऊ नका."

रोज सकाळी दवाई कालवायचं काम चाँद पाशाकडं दिलं. चाँद पाशा पखालवाला, कातड्याच्या पखालीनं घरोघर पाणी घालणारा. आमी दोघं एकाच विहिरीत, पाठीला एकच भोपळा आळीपाळीनं बांधून पोहायला शिकलेलो. तो बोलायला गरीब, मी बोलायला तिखट, म्हणून आमचं जमायचं.

आन मग रांजण फुटला. मोटेचा बैल बिथरला, कासरा तुटला, बैलाचं शिंग रांजणाला लागलं आन दवाई समदी मातीत. दारोगासाब दौऱ्यावर. लोक म्हणाले, कुंभाराकडून दुसरा रांजण आणा. तितकं बोलून गप बसले असते तर बरं झालं असतं. पण मी मधी नाक खुपसलं.

"काय बोलून राहिलात!" मी म्हणलो. "समद्या गावाच्या जिवाची दवाई आन ती मातीच्या रांजणात? उद्या पुन्हा बैल येईल. देवाचं तीर्थ कशात ठेवता? तांब्यात. आजारी माणसाला पाणी कशात देता? तांब्यात. मी हंडी करून देतो. एक पैसा घेणार न्हाई."

तीन दिवस मी दुसरं काम हातात घेतलं न्हाई. जाड पत्रा घेतला, एकेक ठोका मठारून हंडी घडवली, रांजणाइतकीच मोठी. बुडाला पितळेची तोटी बसवली, तीबी माझ्याच हातची. दवाई तिखट हाय हे मला कळत होतं. ताक तांब्यात ठेवलं तर कळकून नासतं, हे तर तांबटाच्या पोराला बोलता यायच्या आधी कळतं. म्हणून आतून कल्हई केली. आरशात बघावं तसं तोंड दिसत होतं हंडीत. भिंतीवर चढवली तवा बाया पाणी भरायचं सोडून बघत राहिल्या. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दारोगासाब आले, त्यांनी हंडी बघितली आन जरा थबकले. "कागदावर तर मातीचा रांजण लिहिलाय," म्हणाले. मग त्यांनी आपली पेटी उघडली. पेटीत पांढऱ्या वाट्या आन एक शिशी. हौदाचं पाणी वाटीत घ्यायचं, शिशीतले थेंब टाकायचे. पाण्यात दवाई असंल तर वाटी निळी होती, नसंल तर कोरीच राहाती. वाटी झाली निळी. "चालून राहिलंय तर चालू द्या," म्हणून ते वारंगा फाट्याकडं निघून गेले.

आठ दिवस बराबर गेले. नवव्या दिवशी सटवाजी धनगराचं लेकरू गेलं. ज्ञानबा त्याचं नाव, सात वर्षांचं पोरगं, मेंढरांमागं उड्या मारत फिरायचं. सकाळी पोट धरून बसलं आन दिवस मावळायच्या आत गार झालं. तिसऱ्या दिवशी त्याच आळीतली एक म्हातारी गेली. दोन्ही घरं हौदाचंच पाणी भरत होती.

दारोगासाब घोडं पिटाळत आले. वाटीत पाणी घेतलं, थेंब टाकले. वाटी कोरी. पुन्हा टाकले. कोरीच. 

आता गावाला माणूस पाहिजे होता, आन माणूस समोरच होता. चाँद पाशाच्या शहनाजचं लगीन पुढच्या महिन्यात ठरलेलं. म्हणून त्यानं घराला पांढराशुभ्र चुना दिला होता. झालं! कुणीतरी बोललं, चुना कसला, ती दवाईची भुकटीच हाय, आन हौदात ह्यानं कालवली राख. ऐकणाऱ्यांनी लगेच माना हलवल्या. त्याच्या घरी चाळीस वर्षं पाणी प्यालेल्या माणसांनीबी हलवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारोगासाब हवालदाराला घेऊन हौदावर उभे राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार, पंचक्रोशीतली माणसं ह्याच हौदाचं पाणी पिणार. मला दुकानातून बोलावून घेतलं.

"संतराम, यंत्र तुमचं," दारोगासाब म्हणाले. "आज दिवसभरात बिघाड शोधा आन दुरुस्त करा. यंत्रात बिघाड न्हाई सापडला, तर दवाई चोरीला गेली असंच मला लिहावं लागंल. सांजच्याला हवालदार चाँद पाशाला हिंगोलीला घेऊन जाईल. दोन जिवांचा मामला हाय."

चाँद पाशा हौदाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. "संतराम, मी बराबर टाकत होतो रे," इतकंच बोलला. माझ्या यंत्रात बिघाड निघाला तर नाक माझं कापलं जाणार, न्हाई निघाला तर ह्याच्या हातात बेड्या. आन खरं सांगतो, तवा माझ्या मनात पहिलं काय आलं? बिघाड माझ्या हंडीत नसू दे, हे आलं.

"बसून काय राहिलास सुतकी तोंड करून!" मी त्याच्यावरच खेकसलो. "ऊठ, तोटी धर!"

आधी तोटी काढली. आतून चुन्यासारखा गाळ बसला होता, भोक सुईच्या टोकाएवढं उरलं होतं. मला हायसं वाटलं. म्हणलं, सापडला चोर! बाभळीच्या काट्यानं खरवडलं, तार घालून साफ केलं, तोटी बसवली. हंडीत चाँद पाशानं काल कालवलेली दवाई होतीच. दारोगासाबांनी घड्याळ काढलं. मिनिटाला चाळीस थेंब, एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई.

"झालं बघा!" मी म्हणलो. "एवढ्यासाठी माणसाला चोर ठरवून राहिले होते."

घटकाभर थांबून हौदाचं पाणी वाटीत घेतलं. कोरं.

मग म्हणलं, पाणी जास्त पडत असंल. मोटकरी म्हणाला, मोटा रोजच्याइतक्याच. हौदाला कुठं नवीन झरा लागला असंल म्हणून भिंतीभोवती हात फिरवत फिरलो. काही न्हाई. ऊन चढत होतं. हवालदार निंबाखाली विडी ओढत बसला आन माझ्याकडं बघून हसत होता. त्याच्या हसण्यानं माझं टाळकं सरकलं.

"हसायला काय झालं? पुढं ये आन तूच शोध!"

"मी कशाला शोधू? मला माझा चोर सापडलाय," तो म्हणाला.

आता राहिली भुकटी. दारोगासाबांच्या सामानात सरकारी शिक्क्याचा नवा डबा होता, तो सगळ्यांसमोर फोडला. झाकण निघताच असा वास आला की पुढच्या बाया पदर तोंडाला लावून मागं सरल्या. चाँद पाशा म्हणाला, "मी हात लावणार न्हाई. तूच कालव. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको." बैलांना पाणी पाजायची मातीची नांद होती, ती धुऊन घेतली, तिच्यात मी माप भरून भुकटी कालवली. दारोगासाबांनी त्यातला एक थेंब विहिरीच्या पाण्यात टाकून बघितला. वाटी शाईसारखी निळीगर्द झाली.

म्हणजे भुकटी चोख. हंडीतलं जुनं पाणी काढून टाकलं, हंडी आतून न बघताच खळखळून धुतली. नांदेतलं पाणी वर चढवून हंडीत ओतलं, दोन तांबे खाली नांदेत उरलं, त्यावर फळी ठेवली. थेंब चालू झाले. दुपार कलायच्या आत हौदाचं पाणी वाटीत घेतलं.

निळं.

"आलं! आलं!" माणसं ओरडली. एका म्हातारीनं हौदाला हात जोडले. मीबी ओरडलो. चाँद पाशाचा खांदा धरून हलवला. "बघ, म्हणलं न्हवतं? यंत्र सुधारलं! सुटलास तू!"

पण तो हसला न्हाई. त्याला माझ्याआधी कळलं होतं. हवालदार निंबाखालून उठला, विडी पायाखाली चिरडली आन चाँद पाशाचं मनगट धरलं.

"तोटी सकाळीच साफ केली, तरी निळं आलं न्हाई," हवालदार म्हणाला. "आता भुकटी मापानं टाकली आन निळं आलं. म्हणजे बिघाड यंत्रात न्हवता. रोज मापानं पडतच न्हवती. बरोबर का, दारोगासाब?"

दारोगासाब कागद काढून लिहायला बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं. पण लिहीत होते. काय चुकीचं बोलला हवालदार? मीच तोटी साफ केली, मीच भुकटी कालवली, मीच एकेक दार बंद करत दोस्ताला कोपऱ्यात नेऊन उभं केलं. चाँद पाशाची बायको कमरजहाँ रस्त्याच्या पलीकडं बुरख्यात उभी होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई.

मी काहीतरी करायचं म्हणून भिंतीवर चढलो आन हंडीला टेकून उभा राहिलो. आमच्या धंद्यात एक सवय असती. भांडं हातात आलं की आमी त्याला ठोकतो आन कान लावतो. चीर असली, डाग कच्चा असला, तर आवाज सांगतो. तसंच, मनात काही नसताना मी हंडीवर नखानं टिचकी मारली आन कान लावला.

आतून आवाज येत होता. सळसळ. बारीक, थांबायचं नाव न घेणारी.

मी झाकण उचलून आत बघितलं. आरशासारखी माझी कल्हई कुठंच न्हवती. भिंत काळी पडली होती, मधी मधी हिरवं जंगाल चढलेलं, आन त्या भिंतीवरून मोहरीएवढे बुडबुडे सुटून वर येऊन राहिले होते. खाली मातीच्या नांदेत तीच भुकटी, तेच पाणी, पण ते गुमान पडलेलं. हंडीत मात्र दवाई जिवंतपणी मरून राहिली होती.

ताक तांब्यात कळकतं. दवाईबी कळकून राहिली होती. कल्हई होती तोवर वाटी निळी. दवाईनं कल्हई खाल्ली, मग तांबं उघडं पडलं, आन तांब्यानं दवाई खाल्ली. चाँद पाशा सकाळी बराबर टाकायचा, ती रात्रीपर्यंत नुसतं पाणी होऊन बसायची. थेंब चाळीसच्या चाळीस पडायचे, पण रिकामे. ज्ञानबा नवव्या दिवशी गेला. नऊ दिवस मी मनातल्या मनात दोनदा मोजले.

मी झाकण लावलं.

आता एक सांगतो, आन तुमी मला जे म्हणायचं ते म्हणा. त्या भिंतीवर उभा राहून मी गप राहायचं ठरवलं होतं. कुणीच आत बघितलं न्हवतं. आज राती घरी जाऊन हंडी खाली आणली असती, पुन्हा कल्हई करून चढवली असती, दर आठवड्याला करत राहिलो असतो. कुणाला कळलं असतं? दोन जीव माझ्या हातानं गेले, हे कुणाला कळलं असतं? चाँद पाशाला काय, महिना-दोन महिन्यांत सोडतील, असंबी मी मनाला सांगितलं. माणूस आपल्या मनाला काय काय सांगतो!

हवालदारानं चाँद पाशाला ढकललं. चाँद पाशाचं पागोटं सुटून हौदाच्या चिखलात पडलं. तो ते उचलायला वाकला, तर हवालदारानं हात सोडला न्हाई. एका हातानं वाकून त्यानं पागोटं उचललं, झटकलं, आन तसंच ओलं डोक्यावर ठेवलं. ते मला बघवलं न्हाई.

"थांबा!" मी वरूनच ओरडलो. "दारोगासाब, सांज म्हणला होतात तुमी. दिवस अजून वर हाय. सांजपर्यंत थांबा."

"आता काहून थांबायचं?" हवालदार चिडला. "निळं आलं न्हवं?"

"थांबा म्हणलं ना! न्हाईतर मी तुमच्यामागं हिंगोलीपर्यंत बोंबलत येईन."

दारोगासाबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं त्यांना, कोण जाणे. त्यांनी लेखणी खाली ठेवली. तिथून पुढचा वेळ मला कसा गेला, ते माझं मला ठाऊक. पाणी भरायला आलेली माणसं घरी गेली न्हाईत, तिथंच घोळक्यानं उभी राहिली. मी मनात म्हणून राहिलो, माझं ऐकणं खोटं ठरू दे. वाटी निळी येऊ दे. मग आठवायचं, निळी आली तर चाँद पाशा जातो. काय मागावं तेच कळेना.

मशिदीत दुपारनंतरची अजान झाली तवा मी खाली उतरलो आन दोन वाट्या मागितल्या. दोन्हीत विहिरीचं कोरं पाणी. एकीत हंडीच्या तोटीखालचा थेंब घेतला. दुसरीत नांदेत उरलेल्या दवाईचा. दारोगासाबांनी शिशी उघडली.

नांदेची वाटी शाईसारखी निळी. हंडीची वाटी, डोळे ताणून बघितलं तर कळंल न कळंल अशी फिक्कट.

"हे कसं काय?" दारोगासाब म्हणाले. "एकाच डब्यातली, एकाच येळेला कालवलेली."

"भुकटी एक, पाणी एक, कालवणारा हात एक," मी म्हणलो. "भांडं दोन. माती दवाईला काही करत न्हाई. तांबं तिला मारतं. तुमच्या कागदावर मातीचा रांजण काहून लिहिला होता, ते आता कळलं. वर चढून बघा. माझी कल्हई खाऊन झालीय. चाँद पाशानं एक चिमूटभर चोरली न्हाई. रोज मापानं टाकली आन रोज माझ्या हंडीनं तिचं पाणी केलं. ज्ञानबा आन ती म्हातारी, दोघं माझ्यामुळं गेले."

दारोगासाब वर चढले, आत डोकावले, खाली उतरून लिहिलेला कागद चार तुकडे करून फाडला. "मीबी बघून गेलो होतो," असं हळूच म्हणाले. हवालदारानं मनगट सोडलं. चाँद पाशा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, थोबाडीत मारतोय. मारायला पाहिजे होती.

"वर चढला होतास तवाच तुला कळलं ना?" तो म्हणाला.

"व्हय."

"मग इतका येळ मला असं..." तो नांदेजवळ जाऊन खाली बसला आन लहान लेकरासारखा रडला. मी त्याला हात लावला न्हाई. माझा अधिकार उरला न्हवता.

आन तवा मला घोळक्याच्या कडेला सुभद्राबाई दिसली. सटवाजीची बायको, ज्ञानबाची आई. पोरगं जाऊन पाच दिवस झाले होते, सुतक चालू होतं, म्हणून बाया तिच्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. रिकामी घागर काखेत धरून ती समदं ऐकत होती. तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं, घागर तिथंच भुईवर ठेवली आन धनगर आळीकडं चालायला लागली.

"गेली नवऱ्याला बोलवायला," कुणीतरी म्हणालं. "संतरामभाऊ, तुमी घरी जा. सटवाजी कुऱ्हाड घेऊन आल्याशिवाय राहायचा न्हाई."

मी हललो न्हाई. भ्यालो होतो, हे खरं. पण जायचं तरी कुठं? दारोगासाब दुसऱ्याच घोरात. "उद्या बाजार," ते म्हणाले, "आन कुंभाराची भट्टी परवा उघडणार. रांजण पाहिजे, आत्ता. कुणी देतं का?" बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दवाईला दिलेला रांजण पुन्हा पाण्याला घरात घेता येत न्हाई, आन उन्हाळ्यात रांजणाशिवाय घर चालतं कसं? माझ्या घरी तर मातीचं एक भांडं न्हवतं. तांबटाचं घर ते. समदं तांब्या-पितळेचं.

तेवढ्यात सुभद्राबाई आली. एकटीच. डोक्यावर रांजण होता. तिनं तो हौदाच्या भिंतीला टेकवला आन पदरानं तोंड पुसलं.

"हा घ्या," ती दारोगासाबांना म्हणाली. "मयताच्या घरातला हाय. सुतक फिटलं की फोडायचाच. सासू काल म्हणत होती टाक म्हणून, माझ्यानं टाकवंना."

मयताच्या घरचा रांजण हौदावर चढवायचा, म्हणून दोघं-तिघं कुरकुरले. दारोगासाब म्हणाले, "दवाईपुढं काही शिल्लक राहात न्हाई," आन त्यांनी स्वतः हात लावला. माझी हंडी मीच खाली उतरवली. चाँद पाशानं डोळे पुसले, जुनी काचेची नळी शोधून आणली आन रांजणाला बसवली. नवं माप कालवलं, थेंब मोजले. दिवस बुडायच्या आधी दारोगासाबांनी हौदाचं पाणी वाटीत घेतलं. निळं आलं. आता कुणी ओरडलं न्हाई. निळं टिकलं का बघायला दारोगासाब रातभर तिथंच थांबणार, असं ठरलं.

सुभद्राबाई पुढं आली. ती वाटीत वाकून बघत होती.

"संतरामभाऊ, हे असंच निळं असतं तर माझा ज्ञानबा राहिला असता?"

"तसं ठाम सांगता येत न्हाई बाई," दारोगासाब घाईनं म्हणाले. "पटकीचं काय, कशानंबी..."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. चांगला माणूस. मी सुभद्राबाईकडं बघितलं.

"राहिला असता," मी म्हणलो.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं आता शिव्या येतील, माती अंगावर येईल, मी तयार होतो. पण तिच्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं, आन ती मटकन खाली बसली.

"त्या दिवशी सकाळी म्या त्याला शिळी आंबील पाजली होती," ती म्हणाली. "भूक भूक करून राहिलं होतं, म्हणून पाजली. घरात समदे म्हणतात, आईनंच मारलं. ज्ञानबाचा बाप पाच दिवस माझ्या हातचं खात न्हाई. मलाबी तेच वाटून राहिलं होतं. रोज वाटून राहिलं होतं."

ती उठली, भुईवरची घागर उचलून काखेत घेतली.

"चला," ती मला म्हणाली. "माझ्या घरी चला. आता जे बोललात ते त्यांच्यासमोर बोला."

सटवाजी दाराशीच बसलेला असणार, हे मला ठाऊक होतं. ती पुढं निघाली, आन मी तिच्या मागं चालायला लागलो.